काचेतला समुद्र आणि चुन्याची निवळी



गेल्या महिन्यात या सदरात पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरविषयी लिहिले होते. त्यावर एका भगिनीचा फोन आला. त्यांच्या मुलाला घरात समुद्री टाकी करायची आहे. "बाई, मासे, प्रवाळ, सगळं हवं म्हणतो. खर्च झेपेल का?" त्यांना फोनवर जे सांगितले त्यापेक्षा थोडे सविस्तर आज लिहिते. कारण हा खर्च मी माझ्या भावाच्या घरी जवळून पाहिला आहे.

माझा धाकटा भाऊ कुवेतला असतो. आपल्या कोकणातली कितीतरी घरे तिकडच्या पगारावर उभी आहेत, त्यातलेच आमचे एक. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते. माझा भाचा तेव्हा दहावीत होता. त्याच्या खोलीत काचेची एक टाकी होती. दगड-वाळू सोडून आत पाणी बरोबर १०० लिटर. दोन क्लाउनफिश, काही गोगलगायी, थोडे मऊ प्रवाळ आणि दोन फांद्यांचे दगडी प्रवाळ. हे प्रवाळ समुद्रातून काढलेले नव्हते, टाकीतच वाढवलेले होते आणि दुकानातून पावतीसह घेतलेले होते.

टाकीशेजारच्या फळीवर अकरा बाटल्या होत्या. कॅल्शियमची, मॅग्नेशियमची, सामू वाढवणारी, "रंग खुलवणारी", आणखी कशाकशाची. मी पोहोचले त्याच आठवड्यात दोनपैकी एक दगडी प्रवाळ मेला. टोकांपासून मांस सुटत गेले आणि खाली पांढरा सांगाडा उरला. मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. भाऊ मला म्हणाला, "आपा, घरी पैसे पाठवायचे की या बाटल्या आणायच्या? या महिनाअखेरीला मी टाकी विकणार."

त्याचेही चूक नव्हते. मी फक्त एवढेच म्हटले की विकण्याआधी मला एक वही दे आणि पंधरा दिवस दे.

नेमके काय झाले होते

भाच्याला शेजारी बसवून मी सगळे विचारून घेतले. परीक्षेच्या दिवसांत त्याने टाकीकडे लक्ष दिले नव्हते. परीक्षा संपल्यावर चाचणी घेतली तर अल्कलिनिटी ६.५ आली. तो घाबरला. रात्री बाटलीतले द्रावण ओतले, तासाभराने पुन्हा चाचणी घेतली, आकडा मनासारखा नव्हता म्हणून पुन्हा ओतले. सकाळी आकडा ११.५ होता. एका रात्रीत पाच अंशांची उडी. ६.५ वर प्रवाळ मेला नसता. त्या उडीने मेला.

अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. समुद्राच्या पाण्यात ही ताकद मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. ती डीकेएच या अंशांत मोजतात. प्रवाळ पाण्यातले कॅल्शियम आणि हेच कार्बोनेट घेऊन आपला सांगाडा बांधतो. शिंपला ज्या पदार्थाचा बनतो त्याच पदार्थाचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यामुळे ज्या टाकीत प्रवाळ वाढतो, तिथे या दोन गोष्टी रोज थोड्या थोड्या कमी होणारच. कमी होणे हा आजार नव्हे, ती वाढीची खूण आहे. आपले काम एवढेच, की जेवढे रोज खर्च झाले तेवढे रोज परत द्यायचे.

वहीच्या पहिल्या पानावर मी त्याला हे आकडे लिहायला लावले:

क्षारता दर हजारी ३५. तापमान २५ ते २६ अंश. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम. मॅग्नेशियम लिटरला सुमारे १,३०० मिलिग्रॅम. नायट्रेट लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत. सामू ८.० ते ८.३.

आणि खाली एक ओळ: "अल्कलिनिटी एका दिवसात १ अंशापेक्षा जास्त वाढवायची नाही." ही एक ओळ पाळली असती तर तो प्रवाळ वाचला असता.

पहिला हिशेब मिठाचा

भूगोलाच्या पुस्तकात आपण शिकतो की सागरजलाची सरासरी क्षारता दर हजारी ३५ असते. शिरोड्याची किंवा उरणची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. ऊन पाणी नेते, मीठ मागे ठेवते. टाकीतही तेच होते. कुवेतच्या घरात एसी सतत चालू, हवा कोरडी. त्या टाकीतून दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी उडत होते. ते गोड्या पाण्याने भरून काढायचे असते. भाचा मात्र दर दोन दिवसांनी खारे पाणी घालत होता. म्हणजे त्याने घरातच मिठागर मांडले होते. मोजले तेव्हा क्षारता ३९ निघाली.

ती एकदम उतरवायची नव्हती. रोज थोडे खारे पाणी काढून तितकेच गोडे पाणी घालत आठ-नऊ दिवसांत ३५ वर आणली. नंतर टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीशी पट्टी चिकटवली. रोज सकाळी पट्टीपर्यंत गोडे पाणी. याला एक पैसा लागत नाही.

क्षारता मोजायला तरंगणाऱ्या साध्या नळीपेक्षा रिफ्रॅक्टोमीटर बरा. तो एकदाच घ्यावा लागतो. पण तो खरे सांगतो आहे का, हे तपासायचे कसे? त्यासाठी विकत मिळणारे द्रावण घरी करता येते. ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी. मिळून एक किलो. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ दाखवायला हवे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरतो. हे मीठ फक्त उपकरण तपासण्यासाठी, टाकीसाठी नव्हे. जेवणाच्या मिठात समुद्राचे कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही.

दुसरा हिशेब पाण्याचा

कुवेतमध्ये नळाला येणारे पाणी म्हणजे बहुतांशी समुद्राचे पाणी उकळून मिळवलेले पाणी, त्यात थोडे मचूळ भूजल मिसळलेले. चवीला छान. पण टीडीएस मीटर लावला तेव्हा त्यांच्या घरी १२० दाखवले. १२० म्हणजे लिटरला १२० मिलिग्रॅम विरघळलेले पदार्थ. रोज १.२ लिटर घातले तर १४४ मिलिग्रॅम, महिन्याला साधारण ४.३ ग्रॅम. पाणी उडून जाते, हे सगळे टाकीत साठत जाते. त्यात नळाच्या पाइपातले तांबे असेल तर गोगलगायी आणि प्रवाळ दोघांनाही ते विष आहे. क्लोरीन तर असतेच.

आपल्याकडच्या घरगुती आरओचे पाणीही सरळ वापरू नये. मागच्या लेखात सांगितले होते की बऱ्याच आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे न गाळलेले पाणी मुद्दाम परत मिसळतात. माझ्या घरच्या यंत्राचे पाणी ६० दाखवते. पिण्यासाठी ते उत्तम आहे, टाकीसाठी नाही. उपाय महाग नाही. आरओनंतर रेझिनची एक नळी बसवायची, म्हणजे मीटरवर शून्य येते. रंग बदलणारे रेझिन घेतले तर ते संपल्याचे डोळ्यांना दिसते.

तिसरा हिशेब घाणीचा

मासा खातो, विष्ठा टाकतो, त्यातून अमोनिया तयार होतो. दगडावरचे सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी, नायट्रेट बरेच सौम्य. हे जीवाणू नव्या टाकीत स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे आणायचे नाहीत. माझ्या माहितीत समुद्री टाक्यांत सगळ्यात जास्त पैसा याच ठिकाणी बुडतो. शनिवारी टाकी, रविवारी मासे, पुढच्या शनिवारी मेलेले मासे.

नायट्रेट कमी करायला आम्ही आठवड्याला १० लिटर पाणी बदलायचे ठरवले. समुद्री मिश्रणाचे मीठ लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागते, म्हणजे महिन्याला दीड किलोच्या थोडे वर. पण दहा टक्के पाणी बदलले की नायट्रेटही दहा टक्केच कमी होते. खरी बचत खाणे मोजून घालण्यात आहे. दोन छोट्या माशांना दोन मिनिटांत संपेल एवढे पुरे. भावजय हसून म्हणाली, "आपा, या घरात पाहुण्यालाही एवढं मोजून वाढत नाहीत."

सामूने मलाही फसवले

माझीही एक चूक सांगते. सामू ७.८ दिसला आणि मी शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले, "पाण्यात काहीतरी घालायला हवं." मग लक्षात आले, की घराच्या खिडक्या महिनोन्‌महिने बंद, आत सहा माणसे, गॅसची शेगडी. घरात साठलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि सामू उतरवतो. दुसऱ्या दिवशी फजरच्या नमाजनंतर, बाहेर जरा गारवा असताना, तासभर खिडकी उघडली. सामू ८.० झाला. सामू वाढवणारी बाटली मी स्वतः फळीवरून उतरवली.

चुन्याची निवळी

आता मुख्य गोष्ट. आठवीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रयोग करते. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालायची. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निवळी दुधाळ होते. तो दुधाळ साका म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच शिंपल्याचा आणि प्रवाळाचा पदार्थ. हीच निवळी जगभरचे समुद्री टाकीवाले अनेक दशके वापरत आले आहेत. एकाच द्रावणात कॅल्शियमही मिळते आणि अल्कलिनिटीही, आणि प्रवाळाला लागते त्याच प्रमाणात. वरून ती पाण्यातला जादा कार्बन डायऑक्साइड शोषते, म्हणजे बंद घरातला उतरलेला सामूही सावरतो.

कृती अशी. शुद्ध पाण्याच्या एका लिटरला शुद्ध विरलेल्या चुन्याची दोन ग्रॅम भुकटी. ढवळून झाकून ठेवायची. लिटरमध्ये जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळते, उरलेला गाळ खाली बसतो. वरची निवळी तेवढी घ्यायची. झाकले नाही तर वर पापुद्रा येतो, तो वर्गातलाच प्रयोग. पानाचा चुना किंवा रंगकामाचा चुना चालणार नाही, त्यात काय मिसळले आहे ते कळत नाही. खाद्य दर्जाचा किंवा प्रयोगशाळेचा घ्यावा.

सावधगिरी महत्त्वाची. निवळीचा सामू १२ च्या वर असतो. डोळ्यांत गेली तर इजा होते. हातमोजे घालावेत, चष्मा लावावा, बाटलीवर नाव लिहावे आणि लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. पाण्याच्या बाटलीत तर कधीही भरू नये.

किती घालायची, याचा हिशेब भाच्याने केला. संपूर्ण विरघळलेली एक लिटर निवळी १०० लिटर पाण्यात अल्कलिनिटी साधारण १.१ अंशाने आणि कॅल्शियम ८ मिलिग्रॅमने वाढवते. सोमवारी संध्याकाळी अल्कलिनिटी ८.० होती, काही न घालता बुधवारी त्याच वेळी ७.० झाली. म्हणजे रोजचा खर्च अर्धा अंश. म्हणजे रोज सुमारे ४५० मिली निवळी पुरे. उडालेल्या सव्वा लिटरपैकी तेवढी निवळी, बाकी साधे शुद्ध पाणी. रात्री दिवे बंद झाल्यावर सलाइनच्या नळीने थेंब थेंब. एकदम ओतली तर सामू उसळतो आणि मासे दगावतात.

ज्यांना निवळीची भीती वाटते त्यांच्यासाठी दुसरा मार्ग खाण्याच्या सोड्याचा. १०० लिटर पाण्यात १ अंश वाढवायला ३ ग्रॅम सोडा लागतो. अर्ध्या अंशाला दीड ग्रॅम. त्याच्या जोडीला १.३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. दोन्ही वेगवेगळ्या पेल्यांत विरघळवून, मध्ये काही तास ठेवून घालायचे. एकाच पेल्यात मिसळले तर तिथेच साका बसेल. आणि खाण्याचा सोडा म्हणजे फक्त सोडा. बेकिंग पावडर किंवा पोटासाठी घेतात ती फसफसणारी पावडर नव्हे, त्यांत आम्ल असते.

अकरा बाटल्यांपैकी बहुतेकांत पाणी आणि हेच दोन-तीन क्षार होते. एवढे कळल्यावर भाच्याने स्वतःच यादी केली. ठेवायचे: चांगले समुद्री मीठ, चुना, रेझिन, अल्कलिनिटीची आणि नायट्रेटची चाचणी. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची चाचणी महिन्यातून एकदा. मॅग्नेशियम फार उतरले तर कॅल्शियम पाण्यात टिकत नाही, साका होऊन बसते, म्हणून तिकडेही नजर हवी. बाकी बाटल्या संपल्या की पुन्हा आणायच्या नाहीत. कमी प्रवाळ असलेल्या छोट्या टाकीत इतर सूक्ष्म क्षार आठवड्याच्या नव्या पाण्यातून मिळतात.

पंधरा दिवसांनी भावाने वही चाळली. अल्कलिनिटी ८.१, ८.०, ८.२, ८.१. आकड्यांचे त्याला काही नव्हते, पण मुलाने रोज न चुकता लिहिले होते ते त्याने पाहिले. "महिन्याला किती लागतील ते लिहून दे," तो मुलाला म्हणाला. मुलाने लिहून दिले. भावाने त्यातला एक आकडा खोडून थोडा कमी केला आणि सही केली. टाकी राहिली. उरलेला प्रवाळ अल्हम्दुलिल्लाह अजून आहे, एका बाजूने दोन बोटे वाढला आहे.

आपल्याकडे करताना

निघताना भाच्याने मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा कागदात गुंडाळून हातात दिला. "फुफी, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी." मला तो नाकारावा लागला. दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आणि वाहतुकीवर नियंत्रण आहे, मेलेल्या सांगाड्यावरसुद्धा. परवान्याशिवाय तो सामानात आणणे गुन्हा ठरतो.

आणि आपल्या देशात दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून ते काढणे, विकणे, घरी ठेवणे गुन्हा आहे. कोणी "मालवणहून आणून देतो" म्हणाले तर स्पष्ट नाही म्हणा. मालवणजवळ प्रवाळ आहेत म्हणूनच १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. समुद्रघोड्यांचेही तसेच, ते घेऊ नका.

म्हणून त्या भगिनीला मी सांगितले: मुलाला नाही म्हणू नका, पण प्रवाळ नकोत. टाकीत जन्मलेले क्लाउनफिश मिळतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास टाकीत यशस्वी केली आहे. त्यांच्या एका जोडीसाठी प्रवाळ लागत नाही, कृत्रिम दगड चालतात. कॅल्शियमचा खर्च जवळजवळ शून्य होतो. क्षारता, शुद्ध पाणी, नायट्रेट आणि आठवड्याचे १० लिटर, एवढे सांभाळले की पुरे. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवेचा पंप मात्र आधी घ्या, मासे नंतर.

आणि आणखी एक. पहिले सहा आठवडे टाकीत मासा नसतो, फक्त पाणी असते. त्या दिवसांत मुलाला वही द्या. तारीख, तापमान, क्षारता, किती पाणी उडाले. सहा आठवडे न चुकता त्याने ही वही भरली, तर मासे आणायला हरकत नाही. नाही भरली, तर रिकाम्या टाकीचे नुकसान मेलेल्या माशांपेक्षा कमी आहे.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या एका पांढऱ्या पुडीविषयी: तुरटी.